पुतळ्याची उंची सांगता, हात कुणाचा ते सांगा

फोन काढा आणि गॅलरीत गेटवे ऑफ इंडियाचा फोटो शोधा. आसनगावहून लोकल पकडून मुंबई बघायला गेलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक पोराकडे तो असतोच. मागे समुद्र, बाजूला ताज, आणि जरा सरकून काढला असेल तर घोड्यावरचे शिवाजी महाराज. आता सांगा, तो पुतळा कुणी केला?

गुगल करू नका, आधी आठवून बघा. नाही ना आठवत? तो पुतळा सदाशिव साठे यांनी केला. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. २६ जानेवारी १९६१ ला तो तिथे उभा राहिला. भाऊसाहेब कल्याणचे, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. किन्हवलीहून मुंबईला जाताना तुमची गाडी ज्या स्टेशनात थांबते, त्या गावचा माणूस. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता?

माझं भांडण इथून सुरू होतं. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पुतळ्यांचं प्रेम कमी नाही. चौक मोकळा दिसला की समिती होते, पावतीपुस्तक छापलं जातं, डीजे ठरतो. बैठकीत पहिला प्रश्न येतो: उंची किती? दुसरा: शेजारच्या गावचा किती फुटी आहे? तिसरा: उद्घाटनाला कोण? मग कोनशिला बसते. तिच्यावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सौजन्य, निमंत्रक अशी पंचवीस-तीस नावं मावतात. ज्याने तो चेहरा घडवला त्याचं नाव मावत नाही. घर बांधताना आपण गवंडी कोण हे चार वेळा विचारतो. लग्नाच्या पत्रिकेवर वाजंत्र्याचं नाव घालतो. आणि ज्या महापुरुषाच्या पायाशी वर्षातून दोनदा रांग लावतो, त्याचा चेहरा घडवणारा बिननावाचा.

कुणी म्हणेल, शिल्पकाराच्या नावाने काय फरक पडतो? ते सांगण्यासाठी मी तुम्हाला दोन माणसांची गोष्ट सांगतो.

१८९१ साली दोन खेड्यांत दोन मुलं जन्मली. एक ऑक्टोबरमध्ये, अलिबागजवळच्या सासवण्याला: विनायक पांडुरंग करमरकर. दुसरा मे महिन्यात, इजिप्तमध्ये, नाईलच्या मुखाकडच्या सुपीक प्रदेशात, महल्ला अल-कुब्रा या शहराजवळच्या एका खेड्यात: महमूद मुख्तार. एकाला दुसऱ्याचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मुख्तार कालव्याकाठी बसून चिखलाची चित्रं करायचा. करमरकर गावच्या राममंदिराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. ती भिंत कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला पडली आणि त्यांनी या पोराची मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायची सोय केली. मुख्तार कैरोत १९०८ साली नव्याने निघालेल्या कलाशाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत होता. तिथून तो पॅरिसला गेला. करमरकर जे. जे. नंतर कलकत्त्याला गेले, तिथे त्यांनी स्टुडिओ काढला, पुढे लंडनलाही जाऊन आले. दोन्ही देशांवर इंग्रजांचं राज्य. दोघांचं शिक्षण युरोपच्या वळणाचं.

आणि १९२८ साली, महिन्याभराच्या अंतराने, दोघांचं सगळ्यात मोठं काम लोकांसमोर आलं. मे महिन्यात कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर मुख्तारचं ‘नहदत मिस्र’, म्हणजे इजिप्तचा पुनर्जन्म. जूनमध्ये पुण्यात करमरकरांचा घोड्यावरचा शिवाजी. या पुतळ्याचं स्वप्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं. १९२१ साली पायाभरणी झाली, १९२२ मध्ये महाराज गेले, आणि राजाराम महाराजांनी ते काम पुरं करून घेतलं. करमरकरांनी हा साडेतेरा फुटी पुतळा माझगाव डॉकमध्ये ओतला आणि तोही एकसंध. आठ टनांचा घोडा. शिवाजीनगरच्या प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये तो आजही उभा आहे. इतकी वर्षं ऊन, पाऊस, वारा, सगळं अंगावर घेऊन.

साडेतेरा फूट, ही उंची नीट लक्षात ठेवा.

कारण मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिलेला पुतळा साधारण पस्तीस फुटी होता आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. दोष कुणाचा हा निवाडा करायला मी कोर्ट नाही. मला त्यानंतरच्या चर्चेबद्दल बोलायचं आहे. त्या आठवड्यात वाऱ्याचा वेग, गंज, नटबोल्ट, राजीनामे, माफी, सगळ्यावर बोलणं झालं. घोडा किंवा माणूस धातूत कसा उभा राहतो, ओतकाम म्हणजे काय, त्याला किती महिने लागायला हवेत, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं म्हणून विचारताही आलं नाही. आणि उत्तर काय निघालं? त्याच जागी आणखी उंच, साठ फुटी पुतळा. तो मजबूत असेल, असावाच. पण पडलेल्या पुतळ्यावरचा इलाज म्हणजे जास्त फूट, हे गणित कुठल्या शाळेतलं? अरबी समुद्रातल्या स्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. तेव्हापासून त्याची उंची कागदावर वाढल्याच्या बातम्या आपण वाचल्या. स्मारक काही पाण्याबाहेर आलं नाही.

परत मुख्तारकडे येतो, कारण त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्याच्या शिल्पात राजा नाही, सेनापती नाही, पुढारीही नाही. स्फिंक्स पुढच्या पायांवर उठतोय आणि शेजारी एक शेतकरी बाई उभी आहे. तिचा एक हात स्फिंक्सच्या डोक्यावर, दुसऱ्या हाताने ती चेहऱ्यावरचा पदर मागे सारतेय. १९१९ च्या उठावानंतर देश तापलेला होता, मुख्तारने पॅरिसमध्ये छोटा नमुना केला, १९२० मध्ये तिथल्या प्रदर्शनात तो लागला. मायदेशी वर्तमानपत्रांतून आवाहन झालं आणि लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे वर्गणीची पावती फाडण्यात काही वाईट नाही, तेव्हा त्यांनीही फाडली. पण पावती फाडणाऱ्याला ठाऊक होतं की काम मुख्तारचं आहे आणि दगड अस्वानचा आहे. पुढे सरकारी पैसा आला, भांडणं झाली, काम रखडलं. हे सगळं आपल्यासारखंच.

पण अस्वानचा गुलाबी ग्रॅनाइट ही साधी निवड नव्हती. पॅरिसमध्ये शिकलेल्या माणसाला काँसं किंवा पांढरा संगमरवर सोपा होता. त्याने मुद्दाम तो दगड घेतला जो त्याच्या देशात हजारो वर्षं कोरला जात होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९३४ मध्ये तो गेला. १९६२ मध्ये कैरोत त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. ते शिल्प १९५५ मध्ये स्टेशनवरून हलवून कैरो विद्यापीठासमोर नेलं, आजही तिथेच आहे. (त्या शेतकरी बाईच्या देशात बायकांना मतदानाचा हक्क १९५६ ला मिळाला. दगडातली बाई खऱ्या बाईच्या आधी मोकळी झाली. कुठलाही देश आरतीच्या ताटात ठेवू नये, म्हणून हे सांगितलं.)

अस्वानची गोष्ट तिथे थांबत नाही. आदम हनीन नावाचा दुसरा इजिप्शियन शिल्पकार, २०२० मध्ये वारला. त्याने १९९६ पासून अस्वानमध्ये शिल्पकारांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरवायला सुरुवात केली. जगभरचे शिल्पकार यायचे, तिथलाच ग्रॅनाइट कोरायचे आणि काम तिथेच ठेवून जायचे. त्यातून उघड्या आभाळाखालचं एक संग्रहालय तयार झालं. खाणीच्या गावाने खाणीचं काय करायचं, याचं हे एक उत्तर.

आपल्या गावाने काय केलं? किन्हवलीपासून कुठल्याही दिशेला गाडी काढा. सरळगावकडे जा, शहापूरकडे जा, मुरबाडहून टोकावड्याकडे जा. पायाखाली काळा दगड, डोंगरात काळा दगड, शेताच्या बांधावर काळा दगड. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. आणि आपण त्याचं काय करतो? खडी. अर्धा इंच, पाऊण इंच, ग्रिट, डस्ट. डोंगर क्रशरमध्ये घालायचा आणि डंपरने शहराला पाठवायचा. शहराला पाणी आपण देतोच, भातसा आहे, तानसा आहे. दगडही दिला. मग चौकात पुतळा बसवायची वेळ आली की फायबरचा साचा बाहेरून आणायचा. त्यावर काशाचा रंग मारायचा, म्हणजे लांबून धातू वाटतो. जवळ जाऊन टिचकी मारा, डबड्यासारखा वाजतो. आणि चार पावसाळ्यांनी रंगाचे पापुद्रे निघाले की महाराजांच्या गालावर पांढरा डाग. त्याला काय म्हणायचं, आदर?

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं: काळ्या दगडात कोरीव काम होत नाही, आपल्याकडे ती परंपराच नाही. हे बोलणाऱ्याला मी अंबरनाथला घेऊन जाईन. कर्जत लाइनची गाडी, स्टेशनवरून रिक्षा. तिथलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. भिंतीवर इंचभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही, आणि सगळं याच काळ्या दगडात. वेरूळचं कैलास याच दगडातलं. बोरिवलीला एकसरचे वीरगळ आहेत, त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात.

तेही लांब वाटत असेल तर नाणेघाट आहे. वैशाखऱ्यातून दर पावसाळ्यात हजारो पोरं वर चढतात, रील काढतात, उलटा धबधबा टाकतात. ज्या गुहेत तुम्ही डबा खाता, तिच्या मागच्या भिंतीकडे कधी बघितलंत? तिथे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्याच्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या व्यक्तिशिल्पांपैकी ते होते. आज वर फक्त नावं उरली आहेत, ब्राह्मी लिपीत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, एक महारठी, आणखी दोन कुमार. खाली मूर्ती नाहीत, जेमतेम पायांच्या खुणा. राजांची नावं डोक्यावर कोरून ठेवली. कोरणाऱ्याचं नाव तेव्हाही कुणी घातलं नाही. आपली कोनशिला बघता, गेल्या दोन हजार वर्षांत आपण फार पुढे आलो असं काही दिसत नाही. एका बाबतीत मात्र मागे गेलो. त्या भिंतीवर एक बाई होती, नावासकट, राजाच्या बरोबरीने. तुमच्या गावच्या चौकातल्या पुतळ्यांत बाया किती, मोजा.

परंपरा नाही असं नाही. परंपरा ज्यांच्या हातात होती त्यांना आपण शिल्पकार म्हणालो नाही, इतकंच. पाथरवट म्हणालो, वडार म्हणालो. गल्लीत ‘टाकी लावायची का टाकी, पाट्या-वरवंट्याला’ अशी हाळी देत येणारी बाई आठवते? तुमच्या आजीला विचारा. ती बाई उकिडवी बसून पाट्यावर टाकी मारायची, एकसारखे ठिपके, एकही खोल नाही, एकही उथळ नाही. तिच्या घरचा माणूस दगडावर हातोडी मारून आवाजावरून सांगायचा, हा आतून फुटका आहे की धड आहे. घंटेसारखा वाजला तर घ्यायचा, बदबद वाजला तर सोडायचा. कलाशाळेच्या पुस्तकात याला पदार्थाचं ज्ञान म्हणतात. आपल्या तोंडी तो ‘दगडफोड्या’. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण आपण दहावीच्या निरोप समारंभात दरवर्षी ऐकतो. टाकी मारणाऱ्याच्या पोराला वर्गात कुठल्या बाकावर बसवतो ते त्या भाषणात नसतं. १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल निघालं, तिथे मुलं ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून चित्रं काढायला शिकली. त्या शाळेने म्हात्रे, तालीम, करमरकर असे मोठे शिल्पकार दिले, हे मान्यच. पण शिल्पकार आणि पाथरवट यांच्यामध्ये जी भिंत पडली ती आजही आहे. करमरकरांची भिंत कलेक्टरला दिसली. वडारवाडीतल्या पोराचा दगड बघायला कुठला कलेक्टर येतो?

करमरकरांना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्यांनी काळ्या दगडाकडे पाठ फिरवली असाही आरोप माझा नाही. धावत्या घोड्याचं वजन त्याच्या बारीक पायांवर पेलायचं तर धातूच लागतो. दगडाला वरून दाब दिला तर तो शतकानुशतकं सोसतो, ओढला किंवा वाकवला तर मोडतो. म्हणून तर जुने शिल्पकार हात अंगाला चिकटवून ठेवायचे, पायांमध्ये दगड शिल्लक ठेवायचे. मुख्तारनेही त्या बाईचा पदर खालपर्यंत भरीव सोडला आहे. कुठली गोष्ट दगडात सांगायची, कुठली धातूत, हे ज्याला कळतं तो शिल्पकार. आपल्या समित्यांना सगळं फायबरमध्ये सांगता येतं.

सासवण्याला जाऊन या. मांडव्याला उतरलात की जवळच. करमरकरांच्या राहत्या घराचं शिल्पालय केलं आहे. महाराज आणि मोठी माणसं तर आहेतच, पण मी जास्त वेळ उभा राहिलो तो कोळणींसमोर, गावातल्या माणसांसमोर, जनावरांसमोर. यातलं बरंचसं सिमेंटमध्ये केलेलं. ज्या माणसाने आठ टनांचा घोडा ओतला, तो आपल्या अंगणात बसून सिमेंटमध्ये शेजारपाजारची माणसं घडवत होता, कुणी वर्गणी काढली नव्हती तरी. मुख्तारची शेतकरी बाई राजधानीच्या स्टेशनसमोर उभी राहिली. करमरकरांच्या कोळणी घरातच राहिल्या. आपल्या चौकांना राजे हवेत, पुढारी हवेत. घरी मासे आणून देणारी बाई चौकात चालत नाही, ती फक्त बाजारात चालते, तेही घासाघीस करायला.

आता शेवटची हरकत, आणि हीच सगळ्यात जड आहे. ‘एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यावर टँकर येतो. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. आणि तू शिल्पकलेच्या गोष्टी करतोस?’ ही हरकत खरी आहे. पाणी आधी, पुतळा मागून. ठरवायचं असेल तर आज ठरवा की पाड्यावर नळ येईपर्यंत तालुक्यात एकही पुतळा नको, मी पहिली सही करतो. पण तसं कुणी ठरवत नाही. पैसा खर्च होतोच आहे. चौथरा, रेलिंग, लाइट, स्टेज, जेसीबीतून फुलं, सगळं होतं. मी नवा खर्च मागत नाही, होणाऱ्या खर्चाचा हिशेब मागतोय.

आणि ‘पुतळ्यावर बोलतो म्हणजे महापुरुषावर बोलतो’ असं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. महाराजांनी किल्ले बांधून घेतले तेव्हा चुना किती मळला, दगड कुठून काढला, हे विचारत होते म्हणून ते किल्ले आजही उभे आहेत. सिंधुदुर्गाचा तट समुद्रात उभा आहे आणि त्याच मालवणातला आपल्या काळातला पुतळा नऊ महिन्यांत पडला. खरा अपमान कुठे झाला?

म्हणून पुढच्या बैठकीत, तुमच्या गावात समिती बसली की मागच्या रांगेत उभं राहून व्हिडिओ काढू नका. विचारा. शिल्पकार कोण, त्याचं आधीचं काम कुठे बघायला मिळेल? मातीचा नमुना गावाला दाखवणार का? पुतळ्याच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, ती घेतली का, कागद दाखवा. काय वापरणार, फायबर, काँसं की दगड? किती महिने देणार? जयंती तोंडावर आली म्हणून दोन महिन्यांत उरकायचं असेल तर पुढच्या जयंतीला करा, महापुरुष थांबतील, त्यांना घाई नाही. आणि कोनशिलेवर शिल्पकाराचं नाव कुठे येणार, प्रमुख पाहुण्यांच्या वर की खाली?

माझी एक मागणी जास्तीची. मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ ला तिथे वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. दरवर्षी त्या तारखेला तरुण तिथे मशाली घेऊन जातात. त्या दोघांसाठी कुणी फायबरचा साचा काढण्याआधी एक वीरगळ कोरून घ्या. जुन्या पद्धतीचा, खालून वर जाणाऱ्या चौकटींचा: खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवाची पूजा. ही रीत आपल्याच मुलखातली आहे. अप्सरा नको असतील तर त्या जागी गावची माणसं कोरा, शिल्पकाराला ठरवू द्या. दगड याच डोंगराचा घ्या, क्रशरमध्ये जायच्या आधी एक मोठी शिळा बाजूला काढायला सांगा. वाजवून बघायला वडारवाडीतला एखादा म्हातारा अजून सापडेल, तो आहे तोवर त्याच्या शेजारी जे. जे. मधून शिकून आलेलं एक पोरगं बसवा. उंची पुरुषभर पुरे. आणि तळाशी, जिथे पाऊस लागणार नाही अशा कडेला, दोघांचीही नावं कोरा.